न्यू जर्सीत शाळांची तुलना करताय? या चुका टाळा

थंडी ओसरायला लागली की आमच्याकडे जेवायला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच लॅपटॉप उघडतं. "ताई, जरा हे शीट बघता का? घर बघतोय आम्ही." शीटमध्ये चाळीस स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे एखाद्या गावाच्या किंवा भागाच्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा; घर जिथे, मुलाची शाळा तिथली), हिरवे-पिवळे-लाल रंग आणि शेवटच्या कॉलममध्ये 'रँक'. पहिल्या दोन मिनिटांत मी तीच चूक दाखवते, जी मागच्या वर्षी आणखी कोणाला दाखवली होती, आणि तोवर माझ्या ताटातली आमटी गार होते. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

न्यू जर्सी हे एवढंसं राज्य. एकवीस काउंटी, पण स्कूल डिस्ट्रिक्ट सहाशेच्या घरात. कुठे सगळी मिळून दोन-तीनशे मुलं, तर न्यूअर्कसारख्या ठिकाणी हजारोंनी. आकडे राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर फुकट मिळतात. एक्सेल सगळ्यांना येतं, त्यात आपल्यातले निम्मे आयटीतले. इथेच घोळ होतो.

आपण महाराष्ट्रात वाढलेली माणसं. शाळेच्या फाटकावर 'दहावीचा निकाल १०० टक्के' असा फलक लागला की गल्लीतला एखादा जाणता विचारायचा, "नववीत किती अडकवले? १७ नंबरचा फॉर्म भरायला लावून किती जणांना बाहेरून बसवलं?" टक्केवारीत छेद असतो आणि तो कमी करता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोच जाणता विमानातून उतरला की छेद विसरतो. माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

आठवीचं गणित

ही माझी सर्वांत लाडकी चूक, म्हणून हिला जागा जास्त.

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपं आलं. मुलगी तिसरीत, मुलगा अजून प्री-स्कूलमध्ये. रेंटची लीज जूनमध्ये संपणार, म्हणून कमालीची घाई. नवऱ्याने ठरवलं होतं की गणितावर निवड करायची, आणि गणितातही आठवीचं, कारण 'हायस्कूलच्या आधीचं शेवटचं वर्ष, तिथे सगळं बाहेर पडतं.' ऐकायला बरं वाटतं. त्याने राज्याच्या परीक्षेच्या, म्हणजे एनजेएसएलएच्या, फाइलमधून आठवीच्या गणिताच्या ओळी उचलल्या, लेव्हल चार आणि लेव्हल पाचची बेरीज केली (त्या परीक्षेत पाच लेव्हल होत्या, वरच्या दोन म्हणजे उत्तीर्ण समजा) आणि उतरत्या क्रमाने लावलं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये मी स्वतः डोळे मिटून मूल घातलं असतं, ते त्याच्या यादीत पार तळाशी. त्याने त्यावर लाल रंग मारून टाकला होता. तिथलं एक घर आवडलं होतं, तेही सोडून दिलं होतं.

मी विचारलं, "व्हॅलिड स्कोअर्सचा कॉलम कुठाय?" तो म्हणाला, "तो डिलीट केला, लागत नव्हता."

लागत नव्हता! परीक्षेला किती मुलं बसली, ते सांगणारा कॉलम, आणि तोच नेमका उडवला.

गोष्ट अशी आहे. न्यू जर्सीत जी मुलं आठवीत अल्जेब्रा वन (म्हणजे हायस्कूलचं बीजगणित) घेतात, ती आठवीच्या गणिताच्या परीक्षेला बसतच नाहीत. ती अल्जेब्रा वनची परीक्षा देतात. म्हणजे 'आठवीचं गणित' या ओळीत उरतात फक्त अल्जेब्रा न घेतलेली मुलं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये गणितात पुढे असलेली मुलं जास्त, तिथे ही ओळ जास्त केविलवाणी दिसते. राज्याची सरासरीसुद्धा सातवीपेक्षा आठवीत धाडकन खाली येते ती याच कारणाने, मुलं एका उन्हाळ्यात गणित विसरली म्हणून नव्हे.

कागद घेऊन त्याला जे दाखवलं, ते इथेही दाखवते. समजा, दोन डिस्ट्रिक्टमध्ये आठवीत प्रत्येकी ३०० मुलं आहेत. पहिल्यात १८० मुलं अल्जेब्रा घेतात आणि त्यातली ९० टक्के पास होतात, म्हणजे १६२. उरलेली १२० साधं आठवीचं गणित देतात, त्यातली २५ टक्के पास, म्हणजे ३०. एकूण १९२, म्हणजे ६४ टक्के. दुसऱ्यात अल्जेब्राला फक्त ६० मुलं, ८० टक्के पास, म्हणजे ४८. उरलेल्या २४० मध्ये ४० टक्के पास, म्हणजे ९६. एकूण १४४, म्हणजे ४८ टक्के. आता त्याच्या शीटमध्ये काय दिसणार? पहिलं डिस्ट्रिक्ट २५, दुसरं ४०. चक्क उलटं.

दोन वेगळ्या परीक्षांची अशी बेरीज काही अगदी शुद्ध नाही, हे मलाही कळतं. पण निम्मी मुलं गाळून काढलेल्या आकड्यापेक्षा ती हजारपट बरी. यात आणखी एक खाच आहे. अल्जेब्रा वनची डिस्ट्रिक्टची ओळ घेतलीत, तर त्यात आठवीची मुलं आणि हायस्कूलमध्ये जाऊन अल्जेब्रा घेणारी मुलं एकत्र येतात. म्हणून मिडल स्कूलची ओळ घ्यायची, हायस्कूलची नाही. मिडल स्कूलच्या ओळीत जे अल्जेब्रावाले दिसतात, ते आठवीतले, क्वचित एखादा सातवीतला.

माझी स्वतःची सवय सांगते. मी आधी तिसरी ते सहावी बघते, कारण तिथे सगळी मुलं एकच पेपर देतात. त्यातही फक्त टक्के नाही, सरासरी गुणही बघते. मग ग्रोथचा आकडा बघते, म्हणजे मागच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं यंदा किती पुढे गेली. ५० म्हणजे राज्यातलं सर्वसाधारण मूल. श्रीमंत गावात पास होणारे ८० टक्के आणि ग्रोथ ४२ असं दिसलं की मी थबकते. तिथे मुलं घरूनच शिकून येतात, शाळा त्यात फारशी भर घालत नाही, असा माझा समज होतो. चुकीचा असेल कदाचित, पण मी थबकते.

ते जोडपं शेवटी त्या लाल डिस्ट्रिक्टमध्येच गेलं. आवडलेलं घर तोवर विकलं गेलं होतं, दुसरं मिळालं.

तारा म्हणजे शून्य नव्हे

फाइलमध्ये काही ठिकाणी आकड्याऐवजी तारा (*) असतो. एखाद्या गटात मुलं फारच थोडी असतील तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. लोक 'फाइंड-रिप्लेस' करून तिथे शून्य भरतात. मग छोट्या डिस्ट्रिक्टमधली स्पेशल एज्युकेशनची मुलं शंभर टक्के नापास! मला एकदा कोणीतरी अगदी काळजीच्या सुरात फोन करून विचारलं होतं की अमुक गावात या मुलांकडे इतकं दुर्लक्ष कसं काय होतं. तारा रिकामा सोडा. विषय संपला.

कुठलं फ्रँकलिन?

फ्रँकलिन टाउनशिप नावाची डिस्ट्रिक्ट चार काउंटींत आहेत: सॉमरसेट, ग्लॉस्टर, हंटरडन आणि वॉरन. आपली माणसं ज्याला नुसतं 'सॉमरसेट' म्हणतात, ते पहिलं. मोठं, बारावीपर्यंतचं, सर्व रंगांची आणि सर्व थरांतली मुलं असलेलं. हंटरडनमधलं म्हणजे शेतांच्या मधलं छोटंसं आठवीपर्यंतचं. नावावर व्हीलुकअप (नाव शोधून त्यापुढची माहिती आणणारं एक्सेलचं सूत्र) मारलं की एक्सेल जे आधी सापडेल ते उचलतं. काउंटीच्या क्रमाने लावलेल्या यादीत ग्लॉस्टर आधी येतं. एका गृहस्थांनी तीन आठवडे 'सॉमरसेट'चा अभ्यास केला, तो ग्लॉस्टरचा निघाला.

काउंटीचा कोड आणि डिस्ट्रिक्टचा कोड जोडून त्यावर जुळवायचं. आणि कोडच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल गिळतं (अटलांटिक काउंटीचा कोड ०१ आहे, एक्सेल त्याचा १ करतं), म्हणून फाइल उघडताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा. हे आयटीवाल्यांना सांगावं लागतं, हीच गंमत.

पैसे: माझी स्वतःची फजिती

आता पैशाबद्दल, आणि इथे मला दुसऱ्यांना नावं ठेवायला जागा नाही.

आम्ही पूर्वी राहायचो ते डिस्ट्रिक्ट आठवीपर्यंतचं होतं. हायस्कूलसाठी मुलं शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जायची आणि आमचं डिस्ट्रिक्ट त्यांची ट्यूशन, म्हणजे शाळेची फी, भरायचं. हे न्यू जर्सीत सर्रास चालतं. क्रॅनबरीची मुलं प्रिन्स्टनच्या हायस्कूलमध्ये जातात, तसंच. एका वर्षी प्रॉपर्टी टॅक्स वाढला आणि मी भडकले. रात्री जागून दर मुलामागचा खर्च काढला. आमचा एवढा, शेजारच्या बारावीपर्यंतच्या डिस्ट्रिक्टचा त्याहून सात हजार डॉलरनी कमी, वर त्यांचा निकाल चांगला. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगला गेले. पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं मिळतात, समोर टायमर लावलेला असतो. मी सात हजार गुणिले मुलांची संख्या करून 'इतके डॉलर कुठे गेले' असं विचारलं. मागे दोघा-तिघांनी टाळ्यापण वाजवल्या.

डिस्ट्रिक्टचे हिशेब बघणारा बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर शांत माणूस. त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, दोन्ही आकडे एकाच तक्त्यातले आहेत का?"

नव्हते. राज्याच्या खर्चाच्या मार्गदर्शिकेत दर मुलामागे दोन वेगळे आकडे असतात. एक 'बजेटरी' आणि एक 'टोटल'. टोटलमध्ये सगळं येतं: बस, बांधकामाच्या कर्जाचे हप्ते, दुसरीकडे पाठवलेल्या मुलांची ट्यूशन, शिक्षकांच्या पेन्शनपोटी राज्य परस्पर भरतं ते पैसे. बजेटरीमध्ये हे काही नसतं. तिथे वर्गात आणि शाळेच्या रोजच्या कारभारात होणारा खर्च असतो. छेदसुद्धा वेगवेगळे. टोटलमध्ये बाहेर पाठवलेली मुलंही मोजतात, बजेटरीत नाहीत. मी आमच्यासाठी टोटल घेतला होता आणि शेजारच्यांसाठी बजेटरी. दोन टॅब उघडे होते, रात्रीचे दीड वाजले होते, एवढंच कारण. टायमरवर अजून चाळीस सेकंद शिल्लक होते. मी 'थँक यू' म्हणून खाली बसले.

तेव्हापासून एक नियम पाळते. शीटमध्ये आकडा लिहिला की शेजारच्या कॉलममध्ये तो कुठल्या तक्त्यातला आणि कुठल्या वर्षाचा ते लिहायचं. कंटाळा आला तरी लिहायचं. शिवाय त्या मार्गदर्शिकेत डिस्ट्रिक्टचे गट पाडलेले असतात, कुठल्या इयत्तेपर्यंतचं आणि किती मुलांचं यानुसार. ते गट मोडून तुलना करायची नाही. हायस्कूल चालवायला पैसे जास्त लागतात, लॅब असतात, खेळ असतात, समुपदेशक असतात. आठवीपर्यंतच्या डिस्ट्रिक्टची बारावीपर्यंतच्याशी तुलना म्हणजे स्कूटरच्या ॲव्हरेजची ट्रकशी तुलना.

छेद किती फसवतो, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लेकवुड. तिथली बहुसंख्य मुलं खासगी धार्मिक शाळांत जातात, सरकारी शाळांतल्या मुलांच्या कित्येक पट. पण कायद्याने त्यांच्या बसचा आणि स्पेशल एज्युकेशनचा बराच भार सरकारी डिस्ट्रिक्टवर येतो. खर्च सगळ्या गावाचा, भागायचं मूठभर मुलांनी. तो आकडा बघून 'केवढा खर्च करतात शाळेवर' असं म्हणणाऱ्याला काय सांगणार?

'अमुक डिस्ट्रिक्टची स्टेट एड (राज्याकडून मिळणारी मदत) कापली' ही बातमी आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर घबराट पसरते. २००८ च्या कायद्यानुसार सूत्र असं आहे: तिथल्या मुलांना नीट शिकवायला किती पैसे लागतील ते आधी काढायचं. गरीब घरची आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं असतील तर आकडा वाढतो. मग गाव आपल्या मालमत्तेच्या आणि उत्पन्नाच्या मानाने किती देऊ शकतं ते वजा करायचं. उरेल ती मुख्य मदत. २०१८ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं, त्यांची मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणली. म्हणजे मदत कमी झाली, तर गाव श्रीमंत झालं असेल किंवा मुलं घटली असतील. शाळा बिघडली असा अर्थ त्यातून निघत नाही. मात्र एक खरं आहे: टॅक्सची वसुली साधारणपणे वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे मदत झपाट्याने कमी झाली की शिक्षक कमी होतात. म्हणून मी मदतीचा एका वर्षाचा आकडा बघत नाही, पाच वर्षांचा बघते.

'आपली माणसं किती?'

हा प्रश्न आवाज उतरवून विचारतात. विचारा की सरळ, त्यात लाजण्यासारखं काय? फक्त दोन वर्षांनी 'इथे फारच कॉम्पिटिशन आहे हो' म्हणून माझ्याकडे येऊ नका.

आकडा मात्र शाळेचा घ्या, गावाचा नको. मन्रो टाउनशिपमध्ये पंचावन्नच्या वरच्यांसाठीच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. जनगणनेचे आकडे काढलेत तर त्यात आजी-आजोबा येतात, वर्गातली मुलं नाहीत. आणि 'एशियन' हा रकाना एकच असतो. त्यात गुजराती, तेलुगू, चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळे. गणपतीला किती लोक जमतील, ते त्यातून कळत नाही.

गरिबीचा आकडा बहुतेक जण फ्री लंचवरून काढतात. तो हल्ली निसरडा झालाय. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त मुलं थेट सरकारी योजनांमधली असली, तर शाळा सगळ्यांनाच फुकट जेवण देऊ शकते, घरोघरी फॉर्म न भरता. ती मर्यादा २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून २५ वर आणली. म्हणजे मुलं तीच असताना एका वर्षात आकडा हलू शकतो. पाच वर्षांची रेघ काढली आणि मध्येच उडी दिसली, तर गाव गरीब झालं असं समजण्याआधी हे तपासा.

'ॲबट डिस्ट्रिक्ट आहे ना ते? मग नको.' हे इतक्यांदा ऐकलंय. ॲबट ही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली जुनी खटल्यांची मालिका, १९८५ पासूनची. गरीब शहरांतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांइतके पैसे मिळाले पाहिजेत, असा तिचा गाभा. त्यात एकतीस डिस्ट्रिक्ट आली. होबोकन त्यातलं एक आहे, जिथे आज दोन खोल्यांच्या काँडोची किंमत ऐकून घाम फुटतो. आणि त्याच निकालांमुळे तिथे तीन आणि चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचं प्री-स्कूल फुकट आहे. एडिसनमध्ये राहून डेकेअरला महिन्याला भलीमोठी रक्कम मोजणाऱ्यांनी ॲबटच्या नावाने नाक मुरडू नये.

जुने रिअल्टर (घरांचे एजंट) अजून 'हे J डिस्ट्रिक्ट आहे' म्हणतात. A ते J अशी ती जुनी वर्गवारी, रहिवाशांचं शिक्षण, उत्पन्न, बेरोजगारी वगैरेंवरून केलेली. शेवटची २००० च्या जनगणनेवरची. ती शाळेचा दर्जा सांगत नव्हतीच, पालकांचा खिसा सांगत होती. तोही पाव शतकापूर्वीचा.

उरलेलं पटापट

घरं विकणाऱ्या साइटवर दिसणारा दहापैकी आठ, दहापैकी नऊ: मी बघत नाही. कशाचं किती वजन धरलं, ते कळायला जितका वेळ लागतो, तितक्यात मूळ फाइल वाचून होते.

याद्यांमध्ये वर झळकणारी काउंटीची मॅग्नेट हायस्कूलं ही तुमच्या गावाची शाळा नाहीत. तिथे प्रवेश निवडून मिळतो. पण तुमच्या गावातली हुशार मुलं तिकडे गेली की गावच्या हायस्कूलचा आकडा उतरतो, हे ध्यानात ठेवा.

२०२० आणि २०२१ च्या वसंतात राज्याची परीक्षा झालीच नाही. त्या जागी रेघ जोडून 'ट्रेंड' काढू नका. २०१९ च्या आधीची परीक्षा वेगळ्या नावाची होती, तिला किती मुलं बसली तेही बघा. २०१५ मध्ये हायस्कूलच्या पुष्कळ पालकांनी मुलांना बसूच दिलं नव्हतं.

शाळांच्या टक्केवारीची सरासरी म्हणजे डिस्ट्रिक्टची टक्केवारी नव्हे. मुलांच्या संख्येने वजन द्या.

निकाल एका वर्षाचा आणि खर्च दुसऱ्या वर्षाचा असं जोडू नका. इथलं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून.

आणि पन्नास डिस्ट्रिक्ट घेऊ नका हो. सहा घ्या. ऑफिसला जायला पाऊण तासाच्या आत, खिशाला परवडणारी सहा. बाकीची चव्वेचाळीस तुम्ही फक्त रंगवण्यासाठी घेता.

त्या आठवीच्या गणितवाल्या जोडप्याचा मागच्या ऑगस्टमध्ये फोन आला. तो धाकटा आता चौथीत. सगळं छान आहे, शाळा आवडली आहे, ग्रोथचा आकडा अजून दर वर्षी बघतो, वगैरे. मग हळूच, "ताई, बसचा पास आला नाही." घर शाळेपासून किती लांब, विचारलं. एक पूर्णांक आठ मैल. आठवीपर्यंतच्या मुलाला दोन मैलांच्या आत बस देण्याचं कायद्याने बंधन नाही. डिस्ट्रिक्ट पैसे घेऊन देतं, त्याची मुदत जूनमध्ये संपली होती.